अंगावरचे दूध आणि शेजारचा आधार

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि माझी भाची बाळंत झाली. पहिलटकरीण, मुलगी झाली. ऐन सणाच्या तोंडावर घरात लक्ष्मी आली म्हणून सगळे हरखून गेले. माझ्या बहिणीचे गुडघे दुखरे, त्यामुळे बाळंतिणीचे करायला मी पुण्याला तिच्या घरी जाऊन राहिले. शेक-शेगडी आता कोणी करीत नाही. पण अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर हे सारे मी हौसेने केले. बाळंतपणातले आपल्याला सगळे कळते, असा माझा समज होता.

पाचव्या दिवशी रात्री दोन वाजता पोरीने जो सूर धरला, तो काही केल्या थांबेना. अंगावर घेतले की दोन घोट ओढायची नि पुन्हा टाहो! भाचीच्या डोळ्यांना धार लागलेली. पोटावर टाके, छातीला भेगा आणि पाच रात्रींचे जागरण. इस्पितळात पहिल्या रात्री ‘आई दमली आहे, झोपू द्या तिला’ म्हणून बाळाला परस्पर वरचे दूध पाजले होते, तेही तिच्या मनात घर करून बसले होते. तशात दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांचा एकच प्रश्न : “दूध पुरतंय ना गं?” विचारणारीच्या मनात काही नसते, पण पाच दिवसांच्या बाळंतिणीला तो प्रश्न परीक्षेच्या निकालासारखा वाटतो.

शेवटी मीच म्हटले, “तुला दूध पुरेसं नाही दिसत. सकाळी डबा आणू या. उगीच लेकराला उपाशी कशाला ठेवायचं?”

भाची काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सकाळी जावईबापूंनी डबा आणला. तो फडताळावर ठेवला आणि बाटली उकळायला मी पातेले गॅसवर चढवले, तोच दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरची बँकेत काम करणारी मुलगी बाळाला बघायला आली होती. तिचेही मूल दहा महिन्यांचे. आत येऊन बसली, भाचीचा चेहरा बघितला आणि तिने जगावेगळाच प्रश्न विचारला, “दिवसाला लंगोट किती ओले होतात?”

“सात-आठ तरी होतात,” बहीण म्हणाली. “धुऊन धुऊन हात दुखले!”

“मग दूध जातंय की पोटात! गेल्याशिवाय बाहेर कुठून येईल?”

इतके साधे गणित माझ्या पन्नाशी उलटून गेलेल्या डोक्यात कधी शिरले नव्हते. पाच-सहा दिवसांच्या बाळाचे चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, बाळ तरतरीत असेल आणि वजन पुन्हा चढू लागले असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरतेच. दोन आठवड्यांत ते भरून निघते. नुसत्या रडण्यावरून काहीच ठरत नाही. मूल भुकेने रडते तसे उकाड्याने, पोटातल्या वाऱ्याने आणि नुसती कुशी हवी म्हणूनही रडते.

मग त्या मुलीने भाचीला उठवून नीट बसवले, पाठीला उशी दिली, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला काखेखालून आडवे घ्यायला शिकवले. बाळाचे पोट आईच्या अंगाला लागलेले, तोंड चांगले मोठे उघडलेले, आणि तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही. इतके दिवस पोर नुसते टोक चोखत होती. त्यामुळे भेगा पडत होत्या आणि दूधही धड मिळत नव्हते. पाच मिनिटांत घोट घेतल्याचा आवाज येऊ लागला. गॅसवरचे पाणी उकळून उकळून आटले, ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

ती मुलगी पुढे पंधरा दिवस रोज संध्याकाळी कामावरून आली की अर्धा तास खाली यायची. एकदा बाळ मलूल वाटले, तर “उद्यावर टाकू नका, आजच डॉक्टरांना दाखवा” म्हणून तिनेच हट्ट धरला. तिच्याजवळ कोणतीही वैद्यकीय पदवी नव्हती. दहा महिन्यांपूर्वी ती याच फेऱ्यातून गेली होती आणि तिला तिच्या कचेरीतल्या एका मैत्रिणीने सावरले होते, एवढीच तिची शिदोरी.

अडतीस वर्षांपूर्वी

त्या रात्री मला झोप आली नाही. माझा मुलगा आज अडतीस वर्षांचा आहे. तो तीन आठवड्यांचा असताना आमच्या नात्यातल्या एका बाईंनी माझे दूध वाटीत काढून बघितले आणि निकाल दिला, “हे तर नुसतं पाणी! यानं काय पोट भरणार?” मी वरचे दूध सुरू केले. आधी रात्री एकदा, मग दोनदा, मग दर वेळी. दीड महिन्यात माझे दूध आटले. पुढे बाटली, हगवण, डॉक्टर आणि जागरणे यांतच वर्ष गेले. ‘आपल्या नशिबी दूध नव्हते’ असे मी धरून चालले होते. त्या बाईंचे बोलणे खोटे होते, हे मला त्या रात्री कळले. आणि अडतीस वर्षांनी तेच बोलणे मी माझ्या भाचीला ऐकवले होते!

आईचे दूध सुरुवातीच्या घोटांत पातळ, निळसर दिसते. मागाहून येणारे दाट असते. पातळ दूध म्हणजे निकस दूध नव्हे. त्यात सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के पाणी असते, म्हणूनच वैशाखातदेखील तान्ह्या मुलाला वेगळे पाणी पाजावे लागत नाही.

आणि दूध आटते कसे, तेही ऐका. गाईच्या आचळाखाली चरवी ठेवावी तसा साठा आईच्या अंगात भरून ठेवलेला नसतो. बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दूध तयार करणारे द्रव्य, म्हणजे प्रोलॅक्टिन, रक्तात उतरते. दुसरे ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य; त्याने पान्हा फुटतो. जितके बाळ ओढेल तितके नवे दूध बनते. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते, म्हणून दूध कमी बनते, म्हणून बाटली वाढते. ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य असे स्वतःच स्वतःला खरे करून दाखवते! शिवाय वेदना, चिंता, धास्ती यांनी पान्हा अडतो. आपल्या आयाआज्या ‘पान्हा चोरला’ म्हणत, ते काही वेडेपणाने नव्हे. आता पाहा, ज्या बाईला दिवसातून दहा माणसे ‘पुरतंय ना?’ विचारतात, तिचा पान्हा फुटावा कसा?

जुन्यातले सोने आणि जुन्यातली माती

पूर्वीच्या काळी सगळे उत्तम होते, असे मी म्हणणार नाही. सव्वा महिना बाळंतिणीला कामाला हात लावू द्यायचा नाही, तिच्यापुढे ऊनऊन ताट आणून ठेवायचे, शेजारच्या काकूंनी बाळाला न्हाऊ घालायचे, ही आपल्या घरांची खरी श्रीमंती होती. पण त्याच घरांत पहिले पिवळसर चिकाचे दूध ‘जड’ म्हणून टाकून देत, बाळाच्या जिभेवर मध चाटवत, गुटी उगाळत आणि बोंडल्याने पाणी पाजत. वास्तविक ते पिवळे दूध म्हणजे बाळाची पहिली लस. प्रमाणाने थोडे, पण रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले. आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात तरी एका वेळी चमचाभराहून जास्त कोठे मावते? मध तर वर्षाच्या आतल्या मुलाला अपायकारक ठरू शकतो.

आज माती गेली खरी, पण तिच्याबरोबर सोनेही गेले. वाड्यातल्या काकू गेल्या, चाळीतली सामाईक गॅलरी गेली. दुसरीला मूल पाजताना पाहणे, हेच पूर्वी मुलींचे शिक्षण असे. हल्लीच्या कितीतरी मुली तान्हे मूल प्रथम हातात घेतात, ते स्वतःचेच! चांगल्या शिकलेल्या, मिळवत्या मुली. पण बंद दाराआड रात्री दोन वाजता त्यांच्यापाशी मोबाइल असतो, माणूस नसते.

शेजारणीचे सामर्थ्य

ही अडचण आपल्याच वाट्याला आलेली नाही. अमेरिकेत १९५० च्या सुमारास बाटली हीच रीत होऊन बसली होती. १९५६ साली इलिनॉय राज्यातल्या फ्रँकलिन पार्क या गावी सात गृहिणी एकत्र जमल्या आणि अंगावर पाजू इच्छिणाऱ्या आयांना आपला अनुभव सांगू लागल्या. त्या काळी वर्तमानपत्रांतून स्तनपानाचा उघड उल्लेखही अवघड, म्हणून त्यांनी मंडळाचे नाव स्पॅनिश भाषेतून घेतले : ‘ला लेचे लीग’. लेचे म्हणजे दूध. घरच्या दिवाणखान्यात भरणारी ही मंडळे पुढे अनेक देशांत पसरली.

यापेक्षा बोलका दाखला आपल्या शेजारच्या ढाक्याचा. तेथे वस्तीतल्याच, स्वतः मुले पाजलेल्या बायांना दहा दिवस, रोज चार तास शिकवून तयार केले. त्यांनी गर्भवतींच्या घरी बाळंतपणाआधी दोनदा आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत वरचेवर जायचे, मिळून पंधरा भेटी. औषध नाही, पैसा नाही. बसायचे, बघायचे, ऐकायचे, धीर द्यायचा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात २००० साली याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जेथे अशी शेजारीण गेली, तेथे पाच महिन्यांच्या शंभर बाळांपैकी सत्तर निव्वळ आईच्या दुधावर होती. जेथे कोणी गेले नाही, तेथे शंभरात सहा! दोन्हीकडच्या आया त्याच शहरातल्या. फरक होता तो दाराशी येणाऱ्या बाईचा.

हरियाणातही असाच प्रयोग झाला. तेथे नवी माणसे नेमली नाहीत. अंगणवाडीच्या ताई, सुईणी, परिचारिका यांनाच शिकवून ‘जेथे आई भेटेल तेथे हेच सांगा’ असे ठरवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे तीन महिन्यांच्या वयाला निव्वळ अंगावर पिणारी बाळे एकीकडे एकोणऐंशी टक्के, तर दुसरीकडे अठ्ठेचाळीस. आणि पहिल्या गटात हगवणही कमी.

महाराष्ट्राने तर या कामी पुढाकार घेतलेला आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली. एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळू लागले. शेजारधर्म याहून निराळा काय असतो? स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभर काम करणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्याला स्थापन झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून घरोघरच्या तान्ह्या बाळांची काळजी घ्यायला लावले; देशभरच्या आशाताई आज नवजात बाळाच्या घरी जातात, त्यामागे त्या कामाची प्रेरणा आहे.

कायदाही आहे. १९९२ साली संसदेने बाळाच्या कृत्रिम दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने, भेटी यांवर बंदी घातली. २००३ साली ती आणखी कडक केली. आईचे दूध बाळाला सर्वोत्तम, हे डब्यावर छापावेच लागते. आमच्या फडताळावरच्या डब्यावर ते ठळक छापलेले होते. चष्मा लावून मी वाचले, पण आणवल्यानंतर!

तरीही वाट लांब आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातली जवळजवळ एकोणनव्वद टक्के बाळंतपणे इस्पितळांत झाली. परंतु जन्मल्यापासून तासाभरात आईच्या अंगाला लागलेली बाळे बेचाळीस टक्केच. सहा महिन्यांच्या आतली निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळे चौसष्ट टक्के. म्हणजे डॉक्टर आहेत, खाटा आहेत; पण त्या पहिल्या तासात ‘बाळ आईजवळ द्या’ असे म्हणणारे माणूस पुष्कळदा नसते. ते आपल्यापैकीच कोणीतरी व्हावे लागते.

आपण काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून सांगितलेला नियम सोपा आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि थेंब तेवढे चालतात. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न, आणि अंगावरचे दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही. आपले उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमारासच येते, हे किती सोयीचे! नियम आईला पाठ असतो. निभवायचा असतो तो भोवतालच्यांनी.

आजीबाईंनो आणि सासूबाईंनो, तुमचा शब्द घरात शेवटचा असतो, म्हणून तुम्हांला आधी सांगते. ‘पुरतंय का?’ हे विचारणे सोडा. त्याऐवजी ‘तू जेवलीस का? झोपलीस का? दे मी बाळाला घेते’ हे विचारा. लाडू जरूर करा; पण दूध लाडवाने वाढते त्याहून अधिक बाळाने वरचेवर, रात्रीसुद्धा, पिण्याने वाढते.

बाबांनी काय करायचे? बाळाला पाजणे तेवढे त्यांना जमणार नाही. बाकी सारे जमते. रात्री बाळाला उचलून आईजवळ देणे, लंगोट बदलणे, ढेकर काढणे, पाहुण्यांना नम्रपणे वाटेला लावणे. आमच्या जावईबापूंनी दारावर ‘दुपारी एक ते चार बाळ-बाळंतीण झोपतात’ अशी चिठ्ठीच लावली. लोक दोन दिवस हसले आणि मग पाळू लागले.

शेजारपाजारच्या भगिनींनो, डोहाळजेवणाला ओटी भरता, तेव्हा नुकतीच या अनुभवातून गेलेली एखादी मुलगी गर्भवतीच्या शेजारी मुद्दाम बसवा. नंतर तिनेच आठवड्यातून दोनदा डोकवावे. हळदीकुंकवाला बाया जमतातच. तेथे हा विषय निघायला हरकत कसली? मूल पाजणाऱ्या आईला सोसायटीच्या बागेत, समारंभात, प्रवासात कोणी बोचऱ्या नजरेने बघू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

नोकरदार मुलींची अडचण खरी आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे. पण रजेचे काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले, तर सहा महिने पुरे होण्याआधीच कचेरीची हाक येते. अशा वेळी दूध काढून ठेवता येते. स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ते साध्या हवेत चारेक तास आणि फ्रीजमध्ये चोवीस तास टिकते. घरच्यांनी वाटी-चमच्याने पाजावे. त्यासाठी कचेरीत दाराला कडी असलेली एक लहानशी खोली हवी. ती मागायला आईने एकटीने जाऊ नये, सगळ्यांनी मिळून जावे.

आणि आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई? तिला सव्वीस आठवडे कोण देतो? बहिणीकडे काम करणारी मुलगी तिच्या बाळंतपणानंतर महिन्याभरात दारात उभी राहिली होती, हे मला त्या दिवसांत आठवले. तेव्हा आम्हांला ती ‘लवकर आली’ याचे बरेच वाटले होते! तिच्या बाळाला त्या वेळी कोण काय पाजत होते, हे आम्ही विचारलेसुद्धा नव्हते. पगार न कापता थोडी रजा देणे, बाळाला बरोबर आणू देणे, मधे बसून पाजू देणे हाही शेजारधर्मच आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची. काही आयांना खरोखरच दूध कमी येते. काहींचे आजारपण, काहींची औषधे, काही बाळांची प्रकृती अशी असते की वरचे दूध द्यावेच लागते. तसे डॉक्टरांनी सांगितले तर ते निःशंक मनाने द्यावे. बाळ सुस्त झाले, लंगोट ओले होईनासे झाले, अंग पिवळे पडले, तर शेजारणीच्या सल्ल्यावर विसंबू नये. तडक दवाखाना गाठावा. आधार देणे म्हणजे धाक घालणे नव्हे. जिला जमले नाही, तिला अपराधी वाटायला लावणारे शेजारी नसले तरी चालतील.

चैत्रात पोरीचे उष्टावण झाले. मामाच्या मांडीवर बसून तिने खिरीचे बोट चाटले, तोंड वाकडे केले आणि पुन्हा तोंड उघडले. त्याच आठवड्यात बहिणीकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. भाची पन्हे देता देता मधेच दिसेनाशी झाली. पाहते तर आतल्या खोलीत समोरच्या इमारतीतली एक नवी बाळंतीण बसलेली, आणि भाची तिच्या पाठीला उशी देत होती. मी दाराशी थांबले. आत जाऊन चार गोष्टी सांगाव्या असे फार मनात आले. पण मग दोघींसाठी पन्ह्याचे पेले भरून आणले, तिपाईवर ठेवले आणि दार हळूच ओढून घेतले.

तो डबा? तो न उघडलेलाच जावईबापू दुसऱ्या दिवशी दुकानात परत देऊन आले होते. फडताळात त्या जागी यंदा फराळाचे डबे आहेत.